गुरुवारी टाक्या धुणार: फिश टँकवाल्यांनी वाचा

सेक्रेटरी काका: नमस्कार. गुरुवारी दिवसभर पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल. गुरुवारीच खालची आणि गच्चीवरची टाकी धुऊन टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणार आहोत. बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे.

प्राजक्ता ए-२०४: काका, आम्ही दर शुक्रवारी फिश टँकचं पाणी बदलतो. चालेल ना? गप्पी आहेत आणि एक गोल्डफिश.

मेधाताई बी-३०२: या शुक्रवारी नको गं. टाकी धुतल्यावरच्या पहिल्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोच. मासा त्याच पाण्यातून श्वास घेतो, त्याचे कल्ले भाजून निघतात. मग सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करत बसतात.

दिनेश सी-१०१: मग टीसीएल कमीच टाका ना काका. मागच्या वेळी आंघोळीला डोळे चुरचुरले.

मेधाताई बी-३०२: नाही दिनेश, त्यात तडजोड नको. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात, त्या आजाराचे) पेशंट निघाले तेव्हा आपण सगळे पाणी उकळून पीत होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावा, असं भारतीय मानक आहे. बिल्डिंगमध्ये तान्ही बाळं आहेत, ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा आहेत. माशांच्या पाण्यातला क्लोरीन आपण आपल्या बादलीत काढून टाकायचा, सगळ्यांच्या टाकीत नाही.

प्राजक्ता ए-२०४: बादलीत कसा?

मेधाताई बी-३०२: रुंद तोंडाच्या टबात पाणी २४ तास उघडं ठेव. झाकण लावलं तर क्लोरीन आतच राहतो. डास नकोत म्हणून पातळ ओढणी बांध. एअर पंपाचा दगड सोडलास तर लवकर उडतो. टीसीएलचा क्लोरीन असा जातो. काही शहरांत क्लोरामाइन वापरतात, तो मात्र नुसता ठेवून जात नाही.
घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. पण आधी बादलीत टाक, मग ते पाणी टँकमध्ये.

आप्पा डी-१: मेधा, ते थेंब म्हणजे आमच्या फोटोच्या डार्करूममधला हायपोच ना?

मेधाताई बी-३०२: हो आप्पा, तोच, सोडियम थायोसल्फेट. खडे आणले तर १० ग्रॅम घेऊन पाणी घालून एकूण १०० मिली करायचं. त्यातलं १ मिली १५ लिटरच्या बादलीतला लिटरला साधारण १ मिलिग्रॅम क्लोरीन मारतं. नळाला एरवी पुरतं. टाकी धुतल्यावर जास्त लागेल, म्हणून आधी ओटी टेस्ट करायची, म्हणजे थोड्या पाण्यात ओटीच्या बाटलीतले थेंब टाकून क्लोरीन तपासायचा. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. टेस्टचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, मोरीत टाकायचं.

दिनेश सी-१०१: आरओचं पाणी वापरलं तर?

मेधाताई बी-३०२: क्लोरीन जातो, पण क्षारही जातात. नुसतं आरओ नको.

मेधाताई बी-३०२: प्राजक्ता, अजून एक, हे फार महत्त्वाचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नकोस. त्यात जे तपकिरी, बुळबुळीत असतं ना, त्यातच माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. क्लोरीनच्या पाण्याने ते मरतात. मग पाणी स्वच्छ दिसतं आणि चार-पाच दिवसांनी मासे मलूल होतात, कारण कळतच नाही. टँकमधून जे जुनं पाणी काढतेस, त्याच बादलीत स्पंज दोनदा पिळायचा, बस. काढलेलं पाणी झाडांना घाल.

प्राजक्ता ए-२०४: हे माहीतच नव्हतं ताई! आणि एकदम किती पाणी बदलू?

मेधाताई बी-३०२: पाव टँक. पूर्ण कधीच नाही. चुकून नळाचं पाणी गेलंच, तर लगेच अख्ख्या टँकच्या हिशेबाने अँटी-क्लोरीन टाक आणि एअर पंप सुरू कर. सकाळची वाट बघायची नाही.

सेक्रेटरी काका: मेधाताई, टीसीएल टाकलं की वेळ ग्रुपवर कळवतो. ओटीची बाटली वॉचमनकडे ठेवतो, ज्यांच्याकडे मासे आहेत त्यांनी तपासून घ्यावं.

प्राजक्ता ए-२०४: धन्यवाद काका. मी बुधवारीच दोन टब भरते. ताई, हायपोचे खडे कुठे मिळतील?

आप्पा डी-१: माझ्याकडे नाहीत आता. केमिकलच्या दुकानात विचार, सुटे देतात. जाताना काचेची बाटली ने.