सभा तहकूब, बरखास्त की रद्द?

प्रश्न

आमची ३२ सदनिकांची सोसायटी. यंदा सचिवपद माझ्याकडे आलं. रविवारी, २१ सप्टेंबरला वार्षिक सर्वसाधारण सभा होती, सकाळी दहाची. साडेदहा वाजले तरी गच्चीवर १४ जण. गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली लहान संख्या. म्हणजे आम्हाला २० हवे होते. अध्यक्ष म्हणाले, "सभा बरखास्त." खजिनदार म्हणाले, "रद्द लिहा, सोपं पडेल." मी वहीत 'तहकूब' लिहिलं आणि तेव्हापासून वाद चालू आहे. नेमका शब्द कोणता?

उत्तर

ताई, तुमचाच शब्द बरोबर आहे, तो खोडू नका. तहकूब म्हणजे काम थांबलं, संपलं नाही. विधानसभेत गदारोळ झाला की 'कामकाज दिवसभरासाठी तहकूब' असं आपण ऐकतो; दुसऱ्या दिवशी तेच अधिवेशन पुढे चालतं.

'रद्द' लिहिलं तर सभा बोलावलीच नव्हती असं होतं. मग नव्याने नोटीस, पुन्हा १४ पूर्ण दिवस, आणि वार्षिक सभेची ३० सप्टेंबरची मुदत हातातून गेलीच म्हणून समजा. तहकूब सभा मात्र आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, किमान ७ दिवसांनी आणि ३० दिवसांच्या आत घेता येते. तुम्हाला २८ तारखेचा रविवार मोकळा आहे. त्या दिवशी गणपूर्ती झाली नाही तरी कामकाज चालतं.

उत्तर

अध्यक्षांचा शब्द मुळात चुकीचा नाही, हेही सांगायला हवं. बरखास्त फारसीतून आला. 'बर' म्हणजे वर, 'खास्तन' म्हणजे उठणे. दरबार बरखास्त झाला म्हणजे मंडळी उठली. आपण बाजार उठला, पंगत उठली म्हणतो ना, अगदी तसंच. सभा नीट पार पडल्यावर आभार मानून ती बरखास्त झाली असं जुनी माणसं लिहीत, आणि मला ते अजून आवडतं.

पण आज 'बरखास्त' म्हटलं की 'समिती बरखास्त, प्रशासक नेमला' हेच डोळ्यांपुढे येतं. पाच वर्षांनी कुणी ती वही उघडली तर त्याला वाटेल, सोसायटीत काहीतरी भयंकर घडलं होतं. इतिवृत्त लिहिणाऱ्याने त्या पुढच्या वाचकाचा विचार करावाच. 'इति' म्हणजे असे, 'वृत्त' म्हणजे घडलेले. जे घडलं तेच लिहायचं.

उत्तर

एक भर घालतो. 'तहकूब सभा' या शब्दजोडीने अनेकांचा गोंधळ होतो. शब्दशः पाहिलं तर ती थांबवलेली सभा, पण व्यवहारात आपण थांबवल्यानंतर पुन्हा भरलेल्या सभेलाच तहकूब सभा म्हणतो. मी दोन्हींसाठी वेगळं लिहितो: पहिली 'तहकूब झालेली सभा', दुसरी 'तहकुबीनंतरची सभा'. चार अक्षरं जास्त लागतात, भांडण टळतं.

आणि पुढच्या वर्षीच्या नोटिशीत ही ओळ आठवणीने घाला: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने पुन्हा भरेल.' ती ओळ असती तर अकराला तुमचं काम सुरू झालं असतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या नोटिशीत ती ओळ नव्हती, खरं आहे. अजून एक शंका: एक काका म्हणताहेत, पुढच्या रविवारी लिफ्ट बदलण्याचा विषयही घ्या. घेता येईल?

उत्तर

नाही. तीच सभा पुढे चालू आहे, म्हणून विषयपत्रिकाही तीच. 'तहकूब' या शब्दातच याचं उत्तर आहे. गणपूर्तीशिवाय चालणाऱ्या सभेत लाखोंचा नवा विषय आणणं, जे आले नाहीत त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल. लिफ्टसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा.

मूळ प्रश्नकर्ती

काकांना पटलं. आज वहीत असं लिहिलं: 'सकाळी १०.३० वाजेपर्यंत १४ सभासद उपस्थित. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली. तहकुबीनंतरची सभा रविवार, २८ सप्टेंबर रोजी सकाळी १० वाजता गच्चीवर, याच विषयपत्रिकेवर होईल.' अध्यक्षांनी वाचून सही केली.