पुन्हा हातात आलेली रेघ

शाळेत असताना माझ्या वह्यांची मागची पानं चित्रांनी भरलेली असायची. पुढे ते कधी थांबलं ते कळलंही नाही. नंतर हौसेने चांगला जाड कागद आणला, पण पहिलीच रेघ चुकली तर कागद वाया जाईल या धास्तीने तो कपाटातच राहिला. अशी सतरा-अठरा वर्षं गेली.

मग कामासाठी टॅब घेतला, सोबत पेन आलं. एका लांबलेल्या मीटिंगमध्ये समोरच्या कपाचा कान काढायला घेतला. त्या कानाची आतली कड आणि बाहेरची कड कपाला जिथे चिकटते, ती जागा काही केल्या साधेना. दोन बोटांनी टकटक केलं की रेघ गायब. परत काढली, परत पुसली. विसाव्या-बाविसाव्या वेळी तो कान खरोखर कपातून उगवल्यासारखा दिसला. कागदावर इतकी खाडाखोड केली असती तर कागद केव्हाच फाटला असता. त्या रात्री मी झोपेपर्यंत कपच काढत होते.

माझ्यापुरतं सांगायचं तर या साधनाने मला कौशल्य दिलं नाही, माझी भीती तेवढी काढून घेतली. तुमचं कसं झालं? काय वापरता, काय जमलं, कुठे अडलात, सगळं सविस्तर लिहा.

*

ताई, माझं उलट झालं. मी आधी चित्रं काढायचो, पण हाताला कंप सुरू झाला आणि रेखाटन सोडावं लागलं. सरळ रेघ करवतीसारखी दातेरी यायची. भाचीने लॅपटॉपवर 'क्रिता' हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. ते मोफत आहे आणि मुक्तस्रोतही, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. त्यात ब्रशच्या 'टूल ऑप्शन्स'मध्ये 'स्टॅबिलायझर' नावाचा पर्याय असतो. तो लावला की रेघ पेनाच्या किंचित मागून येते आणि हाताचे हेलकावे सरासरीत विरून जातात. पहिल्यांदा लावून झाडाची एक फांदी काढली, खोडापासून टोकापर्यंत एका दमात. बायकोला हाक मारून दाखवली. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पर्याय फार वाढवला तर मात्र रेघ रबरासारखी ओढली जाते आणि बारीक वळणं मरतात. मी मोठ्या रेघांना जास्त ठेवतो, चेहऱ्याला अगदी कमी.

*

माझ्याकडे स्क्रीन नसलेला टॅब्लेट आहे. हात टेबलावर, नजर समोर मॉनिटरवर. पहिले दोन आठवडे नुसते गोल काढत बसले, तेही बटाट्यासारखे. सोडून देणार होते. मग एक दिवस लक्षात आलं की आपण हाताकडे बघतच नाही आहोत. त्यानंतर मागे वळून पाहिलं नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगते. माझा हात जड, त्यामुळे प्रत्येक रेघ जाडच उमटायची आणि मला वाटायचं आपल्याला शेडिंग जमतच नाही. दोष 'प्रेशर कर्व्ह'चा निघाला, म्हणजे पेन किती दाबलं की रेघ किती जड उमटेल हे ठरवणाऱ्या सेटिंगचा. तो तिरका आलेख मधोमध धरून थोडा खाली ओढला, तशी तेवढ्याच जोराला रेघ हलकी यायला लागली. आता नाकाशेजारची फिकट सावली येते. नवीन पेन घ्यायच्या आधी हे करून बघा.

*

मी 68 वर्षांचा आहे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी 2009 मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, आयफोनवर चित्रं काढायला लागले, हे वाचून धीर आला. पुढच्या वर्षी आयपॅड आला तसे ते त्यावर काढू लागले. पडद्याला स्वतःचाच उजेड असल्यामुळे दिवा न लावता, अंथरुणातूनच पहाट रंगवता येते, ही त्यातली मोठी सोय. मला पहाटे चारला जाग येते. पूर्वी कूस बदलत पडायचो. आता खिडकीतलं आभाळ काढतो. काळं वाटणारं आभाळ मुळात काळं नसतं, हे या वयात कळलं. आधी गर्द निळं, मग त्यात जांभळट झाक, आणि खालच्या कडेला राखाडी.

*

थोडं वेगळं मत मांडतो. मला अनडूचं, म्हणजे काढलेली रेघ मागे घ्यायच्या सोयीचं, व्यसन लागलं. एक भुवई तासभर पुसत बसायचो, चित्र पुढेच सरकायचं नाही. आता रोज पहिली वीस मिनिटं एकच पेन्सिल ब्रश, एकच लेअर (चित्राचा थर), आणि अनडू बंद. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी मारायची. चित्रात जिवंतपणा आला तो त्या दुहेरी रेघांमुळे. यातूनच परत कागदही हातात घेतला.

आणि छापायचं असेल तर A4 ला 2480 × 3508 पिक्सेल आधीच ठेवा, म्हणजे 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) मिळतं. पडद्यावरचा झगझगीत हिरवा छपाईत मंद होतो. तो शाईच्या आवाक्याबाहेरचा असतो, तुमचं काही चुकलेलं नसतं.

*

सगळ्यांचं वाचून मी आज अनडू बंद ठेवून बसले. खिडकीचा पडदा काढतेय. वरच्या चुण्या जमल्या. खाली वाऱ्याने जिथे कापड उचललं जातं तिथली रेघ चुकली, ती तशीच ठेवली आहे. कापडाच्या चुण्या कोण कशा काढतं, तेही लिहा.