नाताळसाठी एका ट्रेमध्ये होणारे सोपे बार सुचवा (कुलकुल सोडायचे नाहीत)

वसईची_लेक

प्रश्न छोटा आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय मला नेमकं काय हवंय ते कळणार नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर वसईत, निर्मळच्या अलीकडे. डिसेंबरातली एक अख्खी दुपार आमच्याकडे कुलकुलची असायची. आई सकाळीच दोन किलो मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, अंडी आणि लोणी घालून पीठ मळायची आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची. जेवणं उरकली की ओटीवर चटया पसरायच्या. आत्या, दोन्ही काकू, शेजारची आजी आणि आम्ही पोरं, दहा-बारा जण सहज. प्रत्येकाच्या हातात काटा, नाहीतर नवा कोरा कंगवा. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत आणायची, की रेघारेघांचा शिंपला तयार. आत्याची ताटली दोनदा भरून रिकामी व्हायची तेव्हा कुठे माझे वीस झालेले असायचे. कोणाचं लग्न ठरतंय, कोणाची विहीर आटली, सगळं त्याच दुपारी कळायचं. संध्याकाळी तळण, मग पाकात घोळवणं, आणि मग पत्र्याचे डबे.

आता मी मिनेसोटात आहे. इस्पितळात नर्स आहे, आठवड्याच्या तीन रात्रपाळ्या. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. आमच्या पॅरिशमधल्या बायका नाताळच्या आधी कुकी एक्स्चेंज करतात: प्रत्येकीने एकाच प्रकारचे सहा डझन नग न्यायचे आणि येताना इतरांचे मिळून सहा डझन आणायचे. गेल्या वर्षी मी कुलकुलच्या बहात्तर पुड्या नेल्या. दोन रात्री एकटी बसून वळले. हात चालत होते, पण बोलायला समोर कोणी नव्हतं. सगळ्यांनी कौतुक केलं, तरी मला ते कुलकुल आपले वाटले नाहीत.

म्हणून या वर्षी एक्स्चेंजसाठी बार करीन म्हणते. या भागात चर्चच्या जेवणाला, शाळेच्या कार्यक्रमाला, अगदी मयताच्या जेवणालाही कोणीतरी ट्रेभर बार आणतंच. कुकी एकेक थापत बसायची नाही, सगळं एकत्र भाजून वड्या पाडायच्या. वाचलेला वेळ मुलांबरोबर थोडेसेच कुलकुल करायला ठेवायचा आहे.

हवं ते असं: एका ट्रेमध्ये व्हावं, खोबऱ्याची चव असावी, आधी करून फ्रीझ करता यावं. आणि सुकामेवा नको, कारण एका कुटुंबातल्या मुलाला त्याची ॲलर्जी आहे.

---

खलबत्ता

तुझ्यासाठी सात थरांचे बार. मी न्यू जर्सीत अकरा वर्षं करतेय, कधी फसले नाहीत. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यांवर छापून ही कृती अमेरिकेत घरोघर गेली. त्या दुधाचं पेटंट गेल बोर्डन यांनी १८५६ साली घेतलं होतं. आपल्याकडे मिल्कमेडच्या डब्यावर नारळाच्या वडीची कृती बघत मोठ्या झालेल्यांना हे एकदम घरचंच वाटेल.

९ बाय १३ इंचाचा ट्रे. ओव्हन ३५० फॅरनहाइटला तापत ठेव, ट्रे काचेचा असेल तर ३२५. बटर पेपर असा घाल की दोन बाजूंनी बाहेर लोंबेल, नंतर अख्खी लादी त्यालाच धरून उचलता येते. अर्धा कप वितळलेलं बटर आणि दीड कप ग्रॅहम क्रॅकरचा चुरा कालवून तळाला वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसव. मी अर्धा चुरा मारी बिस्किटांचा घेते, गोडी जरा उतरते. त्यावर १४ औंसांचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा सगळीकडे सारखा ओत. मग दोन कप चॉकलेट चिप्स, सव्वा ते दीड कप सुकं खोबरं आणि एक कप अक्रोड असे थर. मूळ कृतीत बटरस्कॉच चिप्सही असतात, मी घालत नाही, फार गोड होतं. तू अक्रोडाच्या जागी भोपळ्याच्या सोललेल्या बिया घे. शेवटी हाताने सगळं हलकेच दाबायचं, ही पायरी गाळू नकोस, नाहीतर वरचं खोबरं सुटून येतं. पंचवीस ते तीस मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत.

दोन गोष्टी मात्र जपायच्या. खोबरं बिनसाखरेचं हवं, अमेरिकन दुकानात बेकिंगच्या कपाटात ठेवलेलं बहुतेक गोड केलेलं असतं. आपल्या दुकानातलं डेसिकेटेड आण. दुसरं म्हणजे गरम असताना सुरी लावायची नाही. दुधातली साखर आणि प्रथिनं भट्टीत एकत्र भाजून घट्ट होतात, तेच इथलं चिकटवण, आणि ते गार झाल्याशिवाय धरत नाही. पूर्ण थंड करून दोन तास फ्रीजमध्ये, मग कापायचं.

लांबीत सहा आणि रुंदीत सहा असे एका ट्रेचे छत्तीस होतात. दोन ट्रे केलेस की तुझे बहात्तर झाले. यात अंडं नाही, हे कोणाला उपयोगी पडलं तर सांगते. ॲलर्जीचं म्हणशील तर चिप्सच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाच आणि त्या मुलाच्या आईला नारळाचंही विचार. इथल्या लेबलांवर बरीच वर्षं नारळाची गणना नट्समध्येच होत असे, त्यामुळे पुष्कळ घरांत तोही टाळतात.

---

तिन्हीसांज_मडगाव

खलबत्ता ताईंचे बार छान असतील, पण खोबऱ्याची चव हवी म्हणता आणि गोव्याचा बाथ कोणी आठवत नाही, हे काही मला बघवेना.

मी हिंदू घरातली. आमच्या वाड्यावर दिवाळीचा फराळ शेजारच्या ख्रिस्ती घरी जायचा आणि नाताळला त्यांच्याकडून ताट यायचं: नेवऱ्या, दोदोल, चण्याच्या डाळीचं दोस आणि बाथाचा एक जाड चौकोन. दोसाच्या तर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या कापलेल्या असतात. बार म्हणजे आणखी वेगळं काय हो? शेजारची माय बाथ पातेल्यात भाजायची, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. तो वास आमच्या न्हाणीघरापर्यंत यायचा.

ओव्हनमध्ये मी करते ते प्रमाण देते, ९ इंची चौकोनी भांड्यासाठी. पाव किलो रवा, पाव किलो साखर, एका नारळाचं खोबरं थोड्या पाण्यात बारीक वाटून, १२५ ग्रॅम लोणी, चार अंडी, एक चमचा बेकिंग पावडर, वेलची, चिमूट मीठ. लोणी-साखर फेसायची, अंडी एकेक करून घालायची, मग रवा आणि खोबरं. बेकिंग पावडर तेव्हा घालू नका. मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, रवा त्यात फुगतो. तो न मुरवता भाजला तर बाथ दाताखाली कचकचतो. सकाळी बेकिंग पावडर मिसळून १८० सेल्सिअसवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. तुमच्याकडे ओला नारळ महाग असेल तर फ्रोझन किस चालतो, पण सुकं खोबरं नको.

सुकामेवा यात मुळातच नाही. आणि दुसऱ्या दिवशी हा जास्त चांगला लागतो, घाईतल्या माणसाला ते सोयीचंच.

---

ओटीवरचा_कंदील

ताई, मी गासचा. तुमच्या ओटीचं वर्णन वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

बारमधलं मला कळत नाही. कुलकुलचं सांगतो. आमच्याकडे आता घरात चौघंच आहोत. दोन किलोचा घाट कोणाच्याने होत नाही आणि गावात ऑर्डरने करून देणाऱ्या बाया आहेत, त्यामुळे बरेच जण डबा विकतच आणतात. आम्ही मात्र नाताळच्या आधीच्या एका रविवारी अर्ध्या किलोचे करतो. मोजून दीड तासात वळून होतात. आईचं माप: अर्धा किलो मैदा, दोन मुठी बारीक रवा, दोन अंडी, अर्धी वाटी पिठीसाखर, दोन चमचे लोणी, मीठ, आणि लागेल तसं नारळाचं घट्ट दूध, साधारण एक वाटी. पीठ पुरीपेक्षा किंचित सैल. तासभर झाकून ठेवायचं. तळताना आच मध्यम, मोठी ठेवली तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात.

तुमच्या मुलांना काट्यापेक्षा कंगवा द्या. दात जवळजवळ असतात, लहान बोटांना सोपं जातं. आई म्हणते, पोरांच्या हाताला तेल लावा, पीठ नाही. पीठ लावलं की कुलकुल उकलतो.

---

वसईची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं, म्हणून उशीर.

सात थरांचे बार दोन ट्रे केले. पहिला ट्रे मी कोमट असतानाच कापला, मला ड्युटीवर जायचं होतं. कडेचे सगळे तुकडे भुगा झाले. खलबत्ता ताई, तुम्ही बजावलं होतं ते शब्दशः खरं. तो भुगा मुलांनी दुधात घालून संपवला आणि मी तिसरा ट्रे लावला. पुढचे दोन्ही ट्रे रात्रभर गॅरेजमध्ये ठेवले. बाहेर उणे चौदा सेल्सिअस होतं, आणि इथे डिसेंबरात गॅरेज म्हणजे प्रत्येकाचा दुसरा फ्रीज. सकाळी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसत कापले, कडा अगदी सरळ आल्या. चुऱ्यात मी दीड चमचा वेलचीपूड घातली होती. त्या मुलाच्या आईला आधी फोन केला. नारळ चालतो म्हणाली, तरी पाकिटावर सगळं साहित्य लिहून चिकटवलं.

बाथही केला, पण तो एक्स्चेंजला नेला नाही. घरीच ठेवला. पहिला घास खाल्ला आणि कितीतरी वेळ काही बोलले नाही. तिन्हीसांज, रवा रात्रभर मुरवण्याचं सांगितलंत हे फार बरं केलंत.

आणि कुलकुल. रविवारी सकाळी आठला आमचं पीठ तयार होतं, तेव्हा वसईत संध्याकाळचे साडेसात. आईला व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवला. तिकडे आत्याही येऊन बसली होती, तिचे हात आता थरथरतात. मुलाचा पहिला कुलकुल नुसता चपटा पट्टा झाला. आत्या फोनमध्ये वाकून म्हणाली, "अंगठा उचलू नकोस रे, ओढत आण." चौथ्याला जमला. मुलीने कंगव्यावर केले आणि प्रत्येक कुलकुल आजीला कॅमेऱ्याजवळ नेऊन दाखवला, त्यामुळे अर्ध्या किलोला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत मला माहेरच्या गल्लीतलं सगळं कळलं: कोणाच्या अंगणात या वर्षी बाळ येशूचा गोठा उभारलाय, चांदणीचा कंदील कोणी घरी केला, कोणाची सून बाळंत झाली.

एक्स्चेंजमधली एक गोष्ट राहिली. तिथे एक ऐंशीच्या आजी दरवर्षी क्रुमकाके आणतात, नॉर्वेहून आलेल्या त्यांच्या आजीच्या लोखंडी साच्यात भाजलेले, कागदासारखे पातळ आणि शंकूसारखे गुंडाळलेले. माझा बार खाऊन त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "यात वेलची आहे ना?" त्यांच्या क्रुमकाकेमध्येही वेलचीच असते. आम्ही दोघी टेबलाशी उभ्या राहून वेलची सोलून घ्यावी की सालासकट कुटावी यावर बोलत राहिलो. त्या सोलतात, मीही सोलते.

पुढच्या डिसेंबरात एक शनिवार त्यांच्याकडे क्रुमकाके आणि एक आमच्याकडे कुलकुल, असं ठरलंय. काटे कमी पडतील म्हटलं, तर म्हणाल्या, माझ्याकडे चोवीस आहेत, घेऊन येते.

कंदील दादा, तुमच्या आईंना सांगा, तेल लावलं होतं. एकही उकलला नाही.