परिवार ग्रुप: किल्ल्यात राहायचं ठरतंय

सुनीतामावशी: मे महिन्यासाठी नीलेशने दोन किल्ले सुचवलेत, ॲस्टली आणि सॅडेल. दोन्ही लँडमार्क ट्रस्टचे (जुन्या वास्तू दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देणारी ब्रिटनमधली संस्था), दोन्हीत आठ जणांची सोय. आई सोबत आहेत. कुठला घ्यायचा?

नीलेश (कॉव्हेंट्री): मावशी, आजी येणार असेल तर ॲस्टलीच. सॅडेल हा स्कॉटलंडमध्ये किंटायरच्या किनाऱ्यावरचा उभा बुरूज, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. खोल्या एकीवर एक आणि चढायला दगडी गोल जिना. त्या पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होतात, पाऊल पुरतं टेकत नाही. शिवाय ग्लासगोहून गाडीने तीन तासांच्या वर. ॲस्टली इंग्लंडमध्ये, वॉरिकशरला. लंडन यूस्टनहून ननीटनला थेट रेल्वे आहे, साधारण तासाभराची. पुढे टॅक्सी.

अनघाताई: ॲस्टलीत झोपायच्या खोल्या आणि बाथरूम तळमजल्यावर, स्वयंपाकघर आणि बैठक वर. वर जायला लिफ्ट आहे. सुनीताताई, तुमचा प्रश्न तिथेच सुटला.

सुधीरकाका: ही उलटी मांडणी मुद्दाम केली आहे, कारण उजेड आणि दृश्य वरून मिळतं. मूळ वास्तू मध्ययुगीन. तटबंदीचा परवाना 1266 चा. 1978 च्या आगीत ती जळाली आणि भिंतींना तडे जाऊन ढासळू लागली. विदरफर्ड वॉटसन मान या वास्तुविशारदांनी तुटलेला भाग जुन्यासारखा रचलाच नाही. तुटक्या दगडी कडांना नवी वीट सांधली. तीच आता जुन्या भिंतींना आधार देते आणि घराच्या नव्या भिंतीही तीच आहे. काही दालनं बिनछपराची ठेवली. 2013 चं स्टर्लिंग पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधलं वास्तुकलेचं मोठं बक्षीस, याच कामाला मिळालं. माझ्या मते जीर्णोद्धार असाच व्हावा. जुनं काय आणि नवं काय, हे बोट ठेवून दाखवता येतं.

नीलेश: मुलांच्या आयांनो, त्या बिनछपराच्या भागात भिंतींवर चढू द्यायचं नाही. भोवती खंदकही आहे.

अनघाताई: मे असला तरी रात्री गारठा असतो. जाड दगडी भिंत तापायला वेळ घेते, म्हणून बाहेर जाताना हीटिंग बंद करू नका, कमीवर ठेवा. बंद केलं तर परत आल्यावर खोलीतली हवा गरम होते, पण भिंत गारच राहते आणि स्वयंपाकाची वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. हीटरवर ओले कपडे वाळत घालू नका, त्यानेही तेच होतं.

सुधीरकाका: लाकडाचा स्टोव्ह पेटवणार असाल तर लाकूड वाळलेलंच घ्या. इंग्लंडमध्ये लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळणात ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा 2021 पासून नियम आहे. ओल्या लाकडाने काच काळी पडते आणि धुराड्यात डांबर साचतं. पुढे तेच पेट घेतं. आधी हवेची झडप पूर्ण उघडी ठेवा, बारीक काटक्या पेटू द्या, मगच मोठं लाकूड ठेवा. राख गार झाल्यावरच काढा आणि ती पत्र्याच्या डब्यात.

सुनीतामावशी: आणि स्वयंपाक? आईंना वरणभात लागतोच. मिक्सर आणायचा का?

अनघाताई: आणा. तिथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर नको. तीन चौकोनी पिनांचा, 13 ॲम्पिअरचा चांगला ॲडॉप्टर मात्र हवा. भांडीकुंडी, चादरी, टॉवेल तिथे असतात. कुकरचं आधी विचारून घ्या, कारण शेगडी इंडक्शनची असेल तर साधा ॲल्युमिनियमचा चालणार नाही, चुंबक चिकटेल अशा बुडाचा लागेल. वरचा मजला एकच मोठी खोली आहे, त्यामुळे मिरचीची फोडणी थेट बैठकीत पोहोचते. एक्झॉस्ट आधी लावा, मग तेल तापवा. धुराचा अलार्म झाकू नका.

नीलेश: किराणा कॉव्हेंट्रीच्या फोल्सहिल रोडवर मिळेल. तूरडाळ, कढीपत्ता, सगळं. मी घेऊन ठेवतो.

सुनीतामावशी: भाडं डोक्यावर की घरावर?

नीलेश: घरावर, म्हणून आठही जागा भरल्या तर परवडतं. शुक्रवार ते सोमवार तीन रात्री किंवा सोमवार ते शुक्रवार चार. मधले चार दिवस बहुतेक वेळा स्वस्त पडतात. प्रवेश दुपारी 4 नंतर, निघायचं सकाळी 10 पर्यंत. म्हणून सकाळच्या विमानाने उतरणाऱ्यांनी आधी माझ्या घरी यावं, जेवून पुढे जाऊ. टीव्ही नसतो, तेव्हा पत्ते आणि कॅरम माझ्याकडून.

सुनीतामावशी: मग सोमवार ते शुक्रवारच बघ. आम्ही पाच, तुम्ही तिघं. आईंसाठी लिफ्टजवळची खोली मिळेल का, तेही विचारून ठेव.