मदत हवी आहे : व्हिएन्नाचे जुने फोटो, शिपायाचा गणवेश आणि पाठीमागचं न लागणारं अक्षर

कळफलक :

मंडळी, सध्या नोकरीनिमित्त व्हिएन्नात आहे. इथे नाशमार्क्ट या मंडईच्या टोकाला दर शनिवारी जुना बाजार भरतो. तिथल्या एका आजींकडून बुटाच्या खोक्यातले फोटो उक्ते घेतले. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "दुसऱ्यांचे पूर्वज आपल्या घरात कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. पण आता आणलेच आहेत तर निदान कोण, कुठले, कधीचे एवढं तरी कळावं. बाकीचे बारसं-लग्नाचे आहेत, हे तीन मात्र सोडवत नाहीत.

फोटो १ : जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण साडेसहा बाय सव्वाचार इंच. विशीतला शिपाई, मागे रंगवलेला पडदा, एक हात खोट्या दगडी कठड्यावर. अंगरखा गडद, कॉलर मात्र पांढरट. विजारही जवळजवळ पांढरी, सरळ पायांची. कॉलरवर दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या. छातीवर एकच गोल पदक, फीत त्रिकोणी घडी घातलेली. मागे स्टुडिओचं नाव, पदकांची चित्रं, आणि पत्त्यात ओटाक्रिंगच्या आधी रोमन आकड्यात सोळा.

फोटो २ : मोठा रस्ता, ट्राम, भाड्याच्या घोडागाड्या, डोक्यावर कपड्यांची टोपली घेतलेली बाई. सगळी वाहनं डावीकडून चालली आहेत! इथे तर उजवीकडून चालतात. फोटो उलटा छापलाय की शहरच दुसरं? ट्रामला घोडे नाहीत आणि वर तारही नाही, मग ती चालते कशावर?

फोटो ३ : पोस्टकार्ड. बराकीसमोर शिपायांचा घोळका, टोप्यांवर कसले कसले बिल्ले. मागे पेन्सिलीने लिहिलंय. माझं जर्मन बऱ्यापैकी आहे, पण यातलं एक अक्षर लागेल तर शपथ.

ट्रामवेडा :

फोटो २ माझा. शहर व्हिएन्नाच, आणि फोटो सुलटा आहे. व्हिएन्नात १९३८ च्या सप्टेंबरपर्यंत वाहतूक डावीकडूनच होती. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर ती उजवीकडे गेली. प्रागचंही तसंच, १९३९ मध्ये. उलटा छापलाय का हे बघायचं असेल तर दुकानांच्या पाट्या वाचा. पाट्या नसतील तर पुरुषांचे कोट बघा, डावी बाजू उजवीवर आलेली असते. शिपाई दिसला तर तलवार डाव्या कमरेला.

ट्रामचं म्हणाल तर इथे १८६५ पासून घोड्यांची ट्राम होती, विजेची आली १८९७ मध्ये, आणि १९०३ ला घोडे निवृत्त झाले. शहराच्या शोभेच्या भागात, विशेषतः रिंगस्ट्रासवर, म्हणजे जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या रुंद रस्त्यावर, डोक्यावर तारांचं जाळं नको म्हणून वीज रस्त्यातल्या फटीतून, जमिनीखालून घेत. म्हणजे तार नाही, घोडेही नाहीत, तर तुमचा रस्ता बहुधा रिंगचाच आणि साल १८९७ नंतरचं. ट्रामच्या कपाळावर क्रमांक किंवा अक्षर दिसतंय का? मार्गांना अशी ओळख १९०७ मध्ये मिळाली. ते दिसलं तर सुरुवातीची हद्द दहा वर्षांनी पुढे सरकते.

हौशी_रंगारी :

एवढी डोकेफोड कशाला? एआयवर टाका, रंगीत करून मिळेल. गणवेशाचा रंग कळला की पलटण कळली.

खाकी_डगला :

रंगारीबुवा, हे कृपा करून नका करू. ते यंत्र रंग ओळखत नाही, ठोकून देतं. आणि इथे तर मूळ फोटोच रंगाबाबत खोटं बोलतो. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही, निळा मात्र गरजेपेक्षा जास्त दिसायचा. म्हणून तांबडी कॉलर काळी येते आणि आकाशी निळी पांढरी. १९१४ च्या उन्हाळ्यात फ्रेंच पायदळ लालभडक विजारी घालून लढाईला गेलं, तरी बऱ्याच फोटोंत त्या काळपट दिसतात त्या याच कारणाने.

कळफलक, तुमचा फोटो १ घेऊ. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पायदळाचा तेव्हाचा गणवेश म्हणजे गडद निळा अंगरखा आणि फिकट निळी विजार. म्हणूनच विजार पांढरी वाटते. ती सरळ आहे हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हंगेरियन पलटणींच्या विजारी पायाला घट्ट, मांडीवर दोरीचं वेलबुट्टीदार काम असलेल्या. तेव्हा हा गडी तथाकथित 'जर्मन' पलटणीचा. यात चेक, पोलिश, स्लोव्हेन सगळेच यायचे, भाषेवर जाऊ नका. कॉलरवर दोन पांढऱ्या चांदण्या म्हणजे कॉर्पोरल.

आता पदक. त्रिकोणी घडीची फीत ही ऑस्ट्रियन पद्धत. भिंग लावून बघा, पदकावर दाढीमिशांच्या सम्राटाचं डोकं असेल तर बहुधा फ्रान्झ योझेफच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीचं, १८९८ चं पदक. ते शौर्याचं नव्हे, त्या वेळी सैन्यात असलेल्यांना सरसकट वाटलेलं. साठीला, १९०८ मध्ये, क्रूस वाटले. तुमच्या माणसाच्या छातीवर तो नाही. सक्तीची नोकरी तीन वर्षांची आणि पोरगा विशीतला, म्हणजे १८९८ ते १९०१ च्या आसपास धरायला हरकत नाही.

पत्ताही जुळतो. ओटाक्रिंग हे उपनगर शहरात आलं १८९२ मध्ये, तेव्हाच त्याला सोळावा क्रमांक मिळाला. त्याआधी व्हिएन्नाला दहाच विभाग होते. पाठीमागे प्रदर्शनांची पदकं छापली आहेत ना? त्यातलं सगळ्यात अलीकडचं साल बघा, फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. स्टुडिओवाले ही सालं मोठ्या हौसेने मिरवत, आपल्याला आयतं साधन.

पलटणीसाठी बटणं. पायदळाच्या १०२ पलटणी होत्या आणि बटणांवर पलटणीचा क्रमांक असायचा. १२०० डीपीआयने स्कॅन करा, फोटोचा फोटो काढून चालणार नाही.

मोडीवाली_मावशी :

फोटो ३ ची पाठ बघितली. अरे बाळा, हे तुझ्या जर्मनचं अपयश नाही. याला कुरेंट म्हणतात, ती त्यांची मोडीच समज. भाषा तीच, वळण वेगळं, आणि आजच्या पोरांना आजोबांची पत्रं वाचता येत नाहीत हेही तसंच. युक्ती सांगते : 'ए' हा 'एन'सारखा दिसतो, आणि 'यू'वर छोटा हूक असतो तो 'एन'पासून वेगळा करायला. एवढं धरून पहिली ओळ बघ. "त्सुर एरिनेरुंग", म्हणजे आठवण म्हणून. पुढे एक गावाचं नाव आहे, ते घासलं गेलंय. खाली १९१६ स्पष्ट आहे. सहीचं आडनाव मला लागलं, पण इथे उघड्यावर लिहीत नाही, खासगी निरोप पाठवते. ट्रान्सक्रिबस नावाचं साधन कुरेंट वाचून देतं, पण पेन्सिलीच्या फिकट अक्षरापुढे तेही गांगरतं.

टोप्यांवरचे बिल्ले मला फार गोड वाटले. युद्धकाळात पलटणींचे, आघाड्यांचे असे बिल्ले निघायचे, बरेचसे मदतनिधीसाठी विकायचे. खोक्यात छापील लष्करी कार्डंही आहेत का? त्यातलं एक नऊ भाषांत छापलेलं असतं, "मी सुखरूप आहे, माझं ठीक चाललंय." त्यावर आणखी काही लिहायलाच बंदी होती. सापडलं तर जप.

पेठेतला :

जपण्यावरून आठवलं. लॅमिनेशन करू नका, पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पुठ्ठ्यावरून फोटो सोडवायला जाऊ नका. आम्लरहित कागदाची पाकिटं इथेच मिळतील. मागे काही नोंद करायचीच तर मऊ पेन्सिलीने, पुठ्ठ्याच्या कडेला. आणि फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर नको. वहिनींचंही मन राहील.

कळफलक :

सगळ्यांचे आभार, मावशींचे विशेष. नऊ भाषांचं कार्ड नाही निघालं. ऑफिसच्या स्कॅनरवर गुपचूप १२०० ने स्कॅन केलं. पदकावर डोकं आहे, दाढीचे कल्ले स्पष्ट दिसतात. मागच्या पदकांत शेवटचं साल १८९६. वरून तिसऱ्या बटणावर ४ दिसतो, त्याच्याआधी काही असेल तर ते बटणाच्या चमकेत गेलंय. ट्रामच्या कपाळावर काहीच नाही.

खाकी_डगला :

चौथी पलटण निघाली तर मजा आहे! तीच होख उंड डॉइचमायस्टर, व्हिएन्नाची घरची पलटण. तिची कॉलर आकाशी निळी, म्हणजे फोटोत पांढरट यायलाच हवी. ओटाक्रिंगच्या पोराने घराजवळच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढला हेही पटतं. पण दुसरं बटण तपासल्याशिवाय शिक्का मारू नका. २४, ५४, ९४ सगळ्यांच्या शेवटी चारच येतो, आणि फिकट कॉलरीच्या पलटणी इतरही होत्या. खालच्या बटणांवर प्रकाश कमी पडलाय, तिथे आकडा जास्त सुटा दिसेल.

माणसाचं नाव मात्र यातून निघणार नाही. इथल्या युद्ध अभिलेखागारात शिपायांच्या नोंदी आहेत, पण त्या नाव आणि जन्मसालावरून शोधाव्या लागतात. फोटो ३ वाल्याचं आडनाव मावशींनी लावलंय, त्याचा शोध घेता येईल. पहिल्या महायुद्धातल्या मृत-जखमींच्या छापील याद्या स्कॅन होऊन नेटवर आल्या आहेत. तो त्यात सापडू नये अशीच इच्छा.

ट्रामवेडा :

कपाळ कोरं, म्हणजे १८९७ ते १९०७ मधली ट्राम धरू. स्टुडिओसाठी लेमानची पत्तावही बघा. व्हिएन्नाची १८५९ पासूनची नावं-पत्त्यांची जाडजूड पुस्तकं, शहराच्या ग्रंथालयाने फुकट खुली केली आहेत. तुमचा फोटोग्राफर त्या पत्त्यावर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत होता ते वर्षवार चाळून काढता येतं. धंदेही आहेत त्यात, नुसती माणसं नाहीत. तेव्हा फोटो २ मधल्या डाव्या कोपऱ्यातल्या दुकानाची पाटी मोठी करून इथे टाका. मला टोपीवाला वाटतोय.