रत्नागिरीतली सहा बिऱ्हाडांची इमारत विकायला निघाली आहे. आधी भाडेकरूंना विचारावं की नाही?

नाचणेरोडकर: मारुती मंदिराजवळची, आमच्या शेजारची जुनी इमारत विकायला काढली आहे. तळमजला अधिक दोन, मागे विहीर आणि दोन माड. मालक वारले, वारस मुंबई-पुण्याला. चार बिऱ्हाडं जुन्या भाडेकरूंची, दोन अकरा महिन्यांच्या करारावर. बिल्डर येऊन जागा मोजून जातायत. माझं म्हणणं एवढंच, की वारसांनी आधी राहणाऱ्यांना विचारावं. कायद्याने त्यांना खरेदीचा पहिला हक्क नाही, हे ठाऊक आहे. मी माणुसकीच्या रीतीबद्दल बोलतोय. आजूबाजूच्या कौलारू घरांच्या जागी टोलेजंग इमारती झाल्या, आणि त्यातले कितीतरी फ्लॅट फक्त गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. इथे मात्र बारा महिने माणसं राहतात. सिव्हिलमधली परिचारिका रात्रपाळी संपवून पायी घरी येते. ती उद्या कुठे जाणार?

वारसदार_मुलगी: मी अशाच एका इमारतीची वारस आहे, म्हणून राहवत नाही. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. भाडं १२० रुपये असेल तर वाढ होते पाच रुपयांचीही नाही! इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खाऱ्या वाऱ्याने सळया गंजून फुगतात, गिलावा सुटतो, गच्चीवर पत्र्याची शेड घालावीच लागते. आईने तो पत्रा बांगड्या मोडून घातला. भाडेकरूंपैकी कुणी एक रुपया काढला नाही. घरपट्टी आम्हीच भरतो. आता विकायची वेळ आली की रीत आठवते. ती फक्त मालकानेच पाळायची का?

नाचणेरोडकर: ताई, तुमच्या आईंनी सोसलं ते खरंच आहे. किंमत कमी करा असं मी म्हणतच नाही. सहा महिन्यांची मुदत द्या, एवढंच.

कागदआधी: दोघांकडूनही एक मुद्दा सुटतोय. इमारत विकली म्हणून जुना भाडेकरू निघत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, भाडेकरूचं संरक्षण तसंच राहतं. पाडून बांधायचं म्हणून ताबा मागितला, तरी नव्या इमारतीत त्यांना जागा देण्याची तरतूद आहे. म्हणूनच बिल्डर भरलेल्या इमारतीचा भाव पाडून मागतो. ज्याला भाडेकरूंचं ओझं वाटत नाही असा गिऱ्हाईक एकच, खुद्द भाडेकरू. ते बिल्डरपेक्षा थोडं जास्त देऊ शकले तर वारसांचाही फायदाच आहे. पण बँकेचं कर्ज कुणाच्या नावावर निघणार, मिळकत पत्रिकेवर (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) सगळ्या वारसांची नावं लागलीत का, बहिणींच्या सह्या मिळणार का, हे आधी बघा. अशी प्रकरणं बहुधा तिथेच अडकतात.

आणखी एक. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी बंधनकारक नाही. बिल्डरशी बोलणी झाली तर शब्दावर काही सोडू नका. क्षेत्रफळ, मुदत, तोवरचं भाडं, सगळं नोंदणीकृत करारात हवं.

रात्रपाळी: मीही इथल्याच एका दवाखान्यात काम करते, अकरा महिन्यांच्या करारावर राहते. माझ्या नावाने सगळे हळहळतात, पण वरच्या सगळ्या हिशेबात मी कुठेच नाही. चार जुन्या भाडेकरूंनी इमारत घेतली की माझं भाडं तेच ठरवणार, आणि पाच वर्षांनी तेच बिल्डरला विकणार नाहीत कशावरून? खरेदी करायचीच असेल तर सहाही बिऱ्हाडांना बोलवा. नाहीतर आमचं नाव घेऊ नका.

नाचणेरोडकर: पटलं. रविवारी सहाही घरांत जाऊन बोलतो. पैसे उभे राहतील का, ते आधी त्यांच्याकडूनच ऐकायला हवं.

वारसदार_मुलगी: आमच्या भाडेकरूंनी लेखी आकडा आणला तर मी भावंडांशी बोलेन, मुदतही देईन. पण इसारा हातात पडेपर्यंत बिल्डरला नाही म्हणणार नाही. आईचं वय ७८ आहे, आणि यंदा पुन्हा जिन्यात पाणी आलंय.