पालकांच्या नावाशी जुळणारे बाळाचे नाव : कोकणातील अनुभव

आमच्या घरी लवकरच बारसे आहे आणि नावावरून घरात सरळ दोन तट पडले आहेत. माझे नाव मैत्रेयी, आणि मुलीसाठी मला व यजमानांना मनापासून आवडलेले नाव मैथिली. मायलेकींची नावे इतकी जवळची असू नयेत, एकीला हाक मारावी आणि दुसरीने ओ द्यावी असे आयुष्यभर चालेल, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. माझ्या वडिलांना मात्र त्यातच गोडवा वाटतो. यात आता एक नवी बाजूही आली आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची आहेत. आईचे नाव पूर्वी स्वतंत्र रकान्यात असे. ते आता बाळाच्या नावाला लागून येणार आणि ‘मैथिली मैत्रेयी’ ही जोडी दाखल्यादाखल्यावर एकत्र दिसणार. आपल्या किनाऱ्यावर ज्यांच्या घरी आईवडिलांच्या नावाशी मिळतेजुळते नाव मुलांना ठेवले गेले, त्यांनी प्रत्यक्षात काय घडले ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सल्ल्यापेक्षा अनुभव वाचायला अधिक आवडेल.

देवगड, मच्छीमार

माझ्या वडिलांचे नाव विलास आणि माझे कैलास. आजीने हौसेने यमक जुळवले होते. घरात त्याचा त्रास कधी जाणवला नाही, कारण वडिलांना नावाने हाक मारणारे घरात कोणी नव्हतेच. अडचण समुद्रावर आली. वडील नौकेवर तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख होते आणि मी त्याच नौकेवर जाळ्यावर काम करीत असे. इंजिन चालू असताना आणि वारा तोंडावर असताना नाव पूर्ण ऐकू येत नाही. पहिले अक्षर वाऱ्यावर जाते आणि शेवटचा लांब स्वर तेवढा पोहोचतो. नाळीवरच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरच्या खलाशाने मला हाक मारली की मागे सुकाणूपाशी फक्त ‘लास’ एवढेच जाई आणि वडील दिशा सोडून वळून पाहत. जाळे ओढताना दोर सुटत असतो, तेव्हा कोणाला हाक मारली हे ठरवण्याइतकाही वेळ नसतो. शेवटी वडिलांनीच सर्वांना सांगितले की नौकेवर ह्याला बाबू म्हणायचे. पुढे बंदरावरही तेच नाव पडले आणि आज लिलावातही मला बाबू म्हणूनच ओळखतात. नावांचा शेवट सारखा असेल तर हाक फसते, हे मी खात्रीने सांगतो. मैत्रेयीताई, आपल्या दोन्ही नावांचा शेवट वेगळा असला तरी शेवटचा लांब ‘ई’ एकच आहे, तेवढे अंगणात उभे राहून एकदा ऐकून पाहावे.

दापोली, गृहिणी

माझे नाव मीना आणि मुलीचे मीरा. हे आम्ही ठरवून केले नाही. मुलीचा जन्म मघा नक्षत्रावर झाला, त्यामुळे मा, मी, मू, मे ही अक्षरे आली आणि त्यांत सर्वांना पसंत पडलेले नाव मीरा हेच होते. गुरुजींनी स्पष्ट सांगितले होते की नावरस नाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारात दुसरे नाव ठेवण्यास काहीच हरकत नाही, परंतु यजमानांना एकच नाव हवे होते.

हाकेचा प्रश्न आम्हाला आला नाही, लिहिण्याचा आला. हाताने घाईत लिहिलेला ‘ना’ आणि ‘रा’ यांत एका लहानशा आडव्या रेघेचा फरक राहतो. लसीकरणाच्या कार्डावर बाळाच्या नावापुढे मीना आणि आईच्या नावापुढेही मीना असे लिहिले गेले, आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस टोचून घ्यायला गेले तेव्हा ताईंना यादीत मुलगी सापडेना. त्यांनी दोन्ही रकाने ताडून, निळ्या शाईवर लाल शाईने ‘रा’ गिरवला. ते कार्ड अजून माझ्याजवळ आहे. तरीही मीरा हे नाव मी आज पुन्हा ठेवीन. तिच्या नावात माझे नाव ऐकू येते, याचे मला अतिशय समाधान वाटते आणि तेवढ्यासाठी दोन रकाने तपासून पाहण्याचे कष्ट मला जड नाहीत.

राजापूर, महसूल खात्यातून निवृत्त

नोकरीचा बहुतेक काळ मी तलाठी म्हणून काढला, त्यामुळे माझा अनुभव घरातल्यापेक्षा दप्तरातला अधिक आहे. कोकणात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल अनेक घराण्यांत आहे. आजोबा गोविंद, वडील रामचंद्र आणि नातू पुन्हा गोविंद. नातवाचे पूर्ण नाव गोविंद रामचंद्र होते. त्याच्या मुलाचे रामचंद्र गोविंद, आणि त्या मुलाचा मुलगा पुन्हा गोविंद रामचंद्र. एका पिढीआड आडनावासकट तंतोतंत तेच नाव सातबाऱ्यावर येते. आपल्याकडच्या सामाईक जमिनींवर पंचवीस-तीस खातेदार असणे नवलाचे नाही, त्यांतले निम्मे मुंबईत असतात, आणि वारस नोंदीचा अर्ज आला की मयत गोविंद रामचंद्र नेमका कोणता हे गावातल्या वृद्ध माणसांना विचारूनच ठरवावे लागे. वृद्ध माणसे गेली की तोही मार्ग बंद होतो, आणि भावकीतल्या लोकांना वारसाचे दाखले व प्रतिज्ञापत्रे गोळा करीत तहसील कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात. सावंतवाडी संस्थानात खेम सावंत हे नाव इतक्यांदा आले की इतिहास लिहिणाऱ्यांना पहिले, दुसरे, तिसरे असे आकडे लावावे लागले. राजघराण्याला आकडे लावता येतात, सातबाऱ्यावर ती सोय नाही.

नाव अगदी तेच नसून नुसते जवळचे असले, म्हणजे महेश आणि मंगेश, तरी आद्याक्षरे सारखी होतात. ‘म.’ एवढेच लिहून पुढे आडनाव लिहिण्याची जुनी सवय ज्या कागदांत आहे, तेथे बाप आणि मुलगा वेगळे काढणे कठीण जाते. तेव्हा हाकेसाठी नावाचा शेवट वेगळा असावा असे देवगडचे बंधू म्हणतात ते खरे, पण कागदासाठी सुरुवात वेगळी असावी.

मैत्रेयीताईंना एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाराव्या दिवसाच्या आत नावाचा निकाल लावलाच पाहिजे, असे कायद्यात कोठेही नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, मात्र ती नावाशिवायही देता येते. नाव पुढे १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. नोंदवलेले नाव बदलणे हे त्यामानाने फार जिकिरीचे काम आहे, म्हणून घरात एकमत होईपर्यंत थांबलेले बरे.

वेंगुर्ला, आजी (नातीकडून लिहून घेतले आहे)

माझ्या लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझे नवे नाव लिहिले. माहेरचे नाव मोठ्या जावेच्या नावासारखे होते, म्हणून ते बदलले. मला कोणी विचारले नाही. जावेचे नाव शांता, माझे शांती. एका घरात दोन शांता कशा चालतील, असे सासूबाई म्हणाल्या आणि मी त्या दिवसापासून सुमती झाले. माहेरी गेले की आई शांती म्हणे तेव्हा बरे वाटे.

त्या काळी बायका नवऱ्याचे नाव उच्चारत नसत. लग्नातल्या उखाण्यात घेतले तेवढेच. आमच्या ह्यांचे नाव हरिश्चंद्र. पहिला मुलगा झाला तेव्हा सासऱ्यांनी बापाच्या नावाशी जुळते म्हणून त्याचे नाव हरेश ठेवले. आता ‘हरे’ म्हटले की निम्मे नवऱ्याचे नाव तोंडात येते! पोटच्या मुलाला नावाने हाक मारायची मला चोरी झाली. मी त्याला बाबलो म्हणू लागले, मग सगळी वाडी बाबलोच म्हणू लागली. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हरेश म्हणून पुकारले तर हा गप्प बसून राहिला, कारण ते आपले नाव हे त्याला ठाऊकच नव्हते. आता तो स्वतः आजोबा आहे आणि मी त्याला हरेश म्हणून हाक मारते. ह्यांच्या माघारी मी तशी सुरुवात केली. सुनेने चुलीपुढून मान वळवून बघितले होते, ते मला आठवते.

रत्नागिरी, निवृत्त शिक्षक

कागदावरचे नाव आणि हाकेचे नाव वेगळे ठेवण्याची आपली रीत अतिशय सोयीची होती. येथेच २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे नाव केशव, पण घरचे बाळ हेच नाव पुढे देशाच्या तोंडी बसले. नावे जुळत असतील तर घरातले नाव अगदी निराळे असावे, एवढेच मला सुचते.

मुरुड, व्यापारी

आमच्या घरी माझे नाव सलीम, मुलाचे सलमान आणि मुलीचे सलमा. बाळाच्या जन्मानंतरच्या अकीका विधीला, सातव्या दिवशी नाव ठेवले तेव्हा तिघांची नावे एकाच कुळातली असल्याचा माझ्या वालिदांना फार आनंद झाला होता. घरात गोंधळ नाही. मुलगा आखातात नोकरीला गेल्यापासून मात्र कुरिअरची पाकिटे रोमन आद्याक्षरावर येतात आणि त्याची माझ्या दुकानात, माझी त्याच्या पत्त्यावर जातात. आम्ही दोघेही आता पाकिटावर पूर्ण नाव लिहिण्याचा आग्रह धरतो.

अलिबाग, नोकरदार

मी स्नेहल, माझी आई स्नेहलता. लहानपणी मला हे नाव अपुरे वाटत असे, जणू आईच्या नावातून उरलेले. कॉलेजात गेल्यावर आईच्या मैत्रिणी फोनवर माझा आवाज ऐकून ‘स्नेहल का?’ म्हणत, कारण त्या आईलाही तसेच म्हणत असत, आणि आईचे तरुणपण मला त्या चुकलेल्या फोनांमधून कळले.

आई गेल्यानंतर तिच्या मुदत ठेवीवर वारसदार म्हणून माझे नाव होते. बँकेतील व्यक्तीने पावती पाहून सांगितले की खातेदाराचेच नाव अर्धवट टंकले गेले आहे, हे नामनिर्देशन धरता येणार नाही. मी माझा जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड समोर ठेवले. गुणपत्रिकेवर माझे नाव वर आणि आईचे नाव खाली, असे दोन स्वतंत्र रकाने असतात. त्या एका कागदामुळे दोन व्यक्ती आहेत हे मान्य झाले. तरी प्रतिज्ञापत्र द्यावे लागलेच. आपले नाव आईच्या नावापासून वेगळे असल्याची शपथ घेताना मला फार वाईट वाटले. नाव बदलावे असे मात्र कधीही वाटले नाही. जुळणारे नाव ठेवणाऱ्या पालकांनी मुलांचे आणि स्वतःचे सर्व कागद पहिल्यापासून एकाच लेखनाने ठेवावेत, एवढी कळकळीची विनंती.

कुडाळ, अंगणवाडी सेविका

अंगणवाडीच्या नोंदींचे ॲप असलेल्या पोषण ट्रॅकरमध्ये बाळाची नोंद आईच्या नावासोबत होते, म्हणून अशा जोड्या माझ्या रोज डोळ्यांसमोर असतात. आमच्याकडे दीपा–दीपिका आहेत, नयना–नयन आहेत. महिन्याचे वजन भरताना मी मोठ्याने वाचते आणि दोघी एकदम पुढे येतात, बाळ अर्थातच आईच्या कडेवर. नावे जुळल्यामुळे नोंद अडली असे झालेले नाही, पण आधार कार्डावरचे इंग्रजी लेखन आणि आमच्याकडचे लेखन जुळले नाही की काम थांबते. मैत्रेयी आणि मैथिली यांत ‘त्र’ आणि ‘थ’ इंग्रजीत कसे लिहिणार, हे बारशाआधीच एका कागदावर लिहून ठेवा आणि आधार, रेशन कार्ड, जन्मदाखला सगळीकडे तेच द्या. पहिले कार्ड ज्या लेखनाने निघते, त्याच लेखनाने पुढची सगळी निघतात.